मीठ पाजून बघितलंस का?

“ह्यां कित्याक काढतंस गो? ह्यां कोण खाणत नाय.”

कालवं काढायला आलेल्या बायकांपैकी एकीने हे विचारलं तेव्हा मी गुडघाभर पाण्यात, एका कातळाच्या पोटाखाली हात घालून वाकडी झालेली होते. जानेवारीतली अमावास्या, पहाटेची सुकती. उधाणाच्या दिवसांत समुद्र जेवढा चढतो तेवढाच मागेही हटतो. एरवी पाण्यात दडलेले कातळ मग तास-दीड तास उघडे पडतात. तेवढ्यात काम उरकायचं असतं. माझ्या एका हातात स्वयंपाकघरातली सुरी होती आणि दुसऱ्या हाताच्या बोटांखाली जांभळट रंगाचा, ओल्या पावासारखा दबणारा स्पंज.

“औषधासाठी,” मी म्हटलं. “शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांवर.”

तिने स्पंजाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून बाकीच्यांना काहीतरी सांगितलं आणि सगळ्या खळखळून हसल्या. पण पाच मिनिटांनी तीच परत आली. “पिवळां व्हया तर थंय आसा बघ,” म्हणून तिने पलीकडची एक घळ दाखवली. त्या दिवसाचे तीन सर्वांत चांगले नमुने मला त्या घळीत मिळाले. प्रबंधात त्यांच्यापुढे अक्षांश-रेखांश लिहिले आहेत, बाईंचा उल्लेख कुठे नाही. नाव विचारायचं राहून गेलं.

मी पशुवैद्य. घाटावरची, फलटणकडच्या धनगराच्या घरातली. आमचा कळप दख्खनी मेंढ्यांचा. वडील नोकरीत गेले, पण तात्यांनी, म्हणजे चुलत्यांनी, मेंढरं सोडली नाहीत. दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट सगळं बिऱ्हाड, घाट उतरून महाडच्या बाजूला जातो. कापलेल्या भाताच्या खाचरांत रात्री मेंढ्या बसवायच्या, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, तात्यांना धान्य किंवा पैसे. पावसाच्या तोंडावर परत वर. जंतांचा खरा त्रास पावसाळ्यात, दमट गवतावर. तेव्हा लेंडीतल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या गवताच्या पात्यावर चढून बसतात.

एका सप्टेंबरात तात्यांचा फोन आला. “तायडे, आवषीद तर पाजलंय, पर गळ्याखालचं पाणी काय उतरंना.”

मेंढीच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली की पशुवैद्याच्या डोळ्यांपुढे पहिलं नाव येतं ते हिमाँकस कंटॉर्टसचं. मेंढीच्या चौथ्या पोटात राहणारा हा दोन-अडीच सेंटिमीटरचा जंत. त्याची मादी दिसायला देखणी. रक्ताने भरलेलं लाल आतडं आणि त्याभोवती पिळासारखी गुंडाळलेली पांढरी अंडाशयं, म्हणून लाल-पांढऱ्या गोफासारखी दिसते. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त पितो. ऐकायला काहीच नाही. पण पोटात असे हजार असले की रोज ५० मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा कप रक्त गेलं. आणि मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते.

मी पंधरा मेंढ्यांच्या लेंड्या डब्यांत भरून आणल्या आणि मॅकमास्टर काचेखाली अंडी मोजली. ग्रॅमला सरासरी १४५० निघाली. तात्यांकडचं अल्बेंडॅझोल, या वेळी वजन करून, माझ्या हाताने पाजलं. चौदा दिवसांनी पुन्हा मोजली तर ८२०. औषध चालत असेल तर निदान ९५ टक्के घट दिसायला हवी. इथे जेमतेम ४३. तात्या अकरा वर्षं तेच औषध पाजत होते, डोळ्याच्या अंदाजाने, बहुतेक वेळा थोडं कमीच. चूक एकट्या तात्यांची नव्हती. या गटातलं पहिलं औषध, थायाबेंडॅझोल, १९६१ साली बाजारात आलं आणि १९६४ मध्येच त्याला न जुमानणाऱ्या हिमाँकसची नोंद झाली. आयव्हरमेक्टिन १९८१ साली जनावरांसाठी आलं, पुढे त्याचीही तीच गत. मोनेपँटेल २००९ मध्ये न्यूझीलंडमध्ये आलं, आणि चार वर्षांत तिथल्याच एका फार्मवर निकामी झाल्याचं छापून आलं. नवीन औषध यायला वीस-पंचवीस वर्षं लागतात आणि जंताला ते पचवायला चार.

पीएचडीचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा माझ्या डोक्यात एवढंच होतं. समुद्र डोक्यात घातला तो महाडजवळच्या एका कृषी सेवा केंद्राने.

तात्यांच्या वाड्यावर गेले होते. ज्यांच्या खाचरात मेंढ्या बसल्या होत्या ते शेतकरी खोडकिड्याचं औषध आणायला निघाले, मीही गाडीवर मागे बसले. त्यांनी घेतली कारटाप हायड्रोक्लोराईडची दाणेदार पिशवी. मी सवयीने घटक वाचला आणि कॉलेजातली एक गोष्ट आठवली. जपानमध्ये मासे गळाला लावायला समुद्रातला एक वळवळणारा किडा आमिष म्हणून वापरायचे. मेलेल्या किड्यावर बसलेल्या माश्या लुळ्या पडून मरतात हे तिथल्या लोकांना माहीत होतं. त्या किड्यातलं विष १९३४ साली वेगळं काढलं गेलं, त्याला नेरेइस्टॉक्सिन म्हणतात, आणि १९६०च्या दशकात त्याच्याच धर्तीवर कारखान्यात कारटाप बनवलं गेलं. म्हणजे महाडच्या भाताला पडणारं हे औषध मुळात समुद्रातल्या किड्याचं. ते काकांना सांगितलं तर म्हणाले, “असेल. पण मासे मरतात त्याने खाचरातले.” तेव्हा ते वाक्य कानावरून गेलं. पुढे दोन वर्षं मला तेच छळणार होतं.

वाचायला लागल्यावर आणखी सापडलं. जपानमध्येच डायजेनिया नावाचं लाल शेवाळ शतकानुशतकं पोटातल्या जंतांवर देत असत. त्यातलं कायनिक आम्ल १९५३ साली वेगळं काढलं गेलं. ऑस्ट्रेलियात तर माझ्याच जंतावर काम झालेलं. रॉबर्ट केपन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या समुद्रातले स्पंज तपासून हिमाँकसच्या अळ्या मारणारी द्रव्यं शोधली. अँफिलॅक्टॅम नावाची द्रव्यं त्यांनी १९९९ साली जाहीर केली, नंतर थायोसायनॅटिन्स. त्यांतलं काही दुकानाच्या फळीपर्यंत पोचलेलं नाही. का पोचलं नसेल, हा प्रश्न मी त्या वेळी स्वतःला पुरेसा विचारला नाही. चोविसाव्या वर्षी माणूस असले प्रश्न विचारत नाही.

स्पंजच का, याचं उत्तर मात्र सोपं आहे. हा प्राणी आहे, पण त्याला दात नाहीत, कवच नाही आणि पळताही येत नाही. दिवसरात्र पाणी गाळत एका जागी बसायचं आणि मासे, किडे, शेजारचे स्पंज या सगळ्यांपासून जीव वाचवायचा. त्यामुळे अंगात विष हवंच.

परवानग्यांचं मी थोडक्यात उरकते, कारण त्यात सात महिने गेले आणि सांगण्यासारखं फारसं काही नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथे हात लावायचा नाही. प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रकाकड्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. म्हणून आम्ही ठरवलं की अभयारण्याबाहेरच्या कातळावरचे स्पंज घ्यायचे आणि ट्रॉलरच्या जाळ्यात मासळीबरोबर वर येऊन बंदरावर फेकून दिलं जाणारं काय असेल ते. बंदरावरचा तो ढीग हा माझा आवडता भाग होता. पहाटे लिलाव चाललेला, माझं डोकं कचऱ्याच्या टोपलीत. एकदा त्यात हातभर लांब केशरी समुद्रपंखा निघाला. खलाशी म्हणाला, “घेऊन जा मॅडम, घरात लावा.” मी हात मागे घेतला तो त्याला अपमान वाटला असावा.

प्रत्येक नमुन्याचे तीन भाग करायचे, हा सरांचा, म्हणजे माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शकांचा, नियम. मोठा भाग बर्फात, अर्क काढायला. अंगठ्याएवढा तुकडा अल्कोहोलमध्ये, ओळख पटवायला. आणि तेवढाच एक ग्लिसरॉलमध्ये, “असू दे, कधीतरी लागेल.” तिसरी डबी मला शुद्ध कटकट वाटायची. प्रवासात डब्या वाढायच्या आणि थर्मोकोलच्या पेटीत बर्फाला जागा उरायची नाही.

स्पंज ओळखायची रीत मजेशीर आहे. रंगावर, आकारावर जाऊन चालत नाही, तोच स्पंज एका कातळावर चपटा आणि दुसऱ्यावर बोटांसारखा वाढतो. म्हणून चिमूटभर तुकडा ब्लीचमध्ये टाकायचा. मांस विरघळून जातं आणि तळाशी काचेच्या सुया उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या सुयांचे आकार बघून जात ठरवायची. याच सुया स्पंज कापताना हातमोज्यातून बोटांत घुसतात. पहिल्या महिन्यात माझी बोटं अशी खाजत होती की मेसच्या मावशींनी खरूज समजून माझं ताट वेगळं ठेवलं.

अर्क काढायचा म्हणजे गोठलेला स्पंज बारीक कापून मेथॅनॉलमध्ये भिजवायचा, गाळायचा आणि फिरत्या फ्लास्कमध्ये, कमी दाबाखाली, मेथॅनॉल उडवून टाकायचं. तळाला राहतो तपकिरी किंवा हिरवट चिकटा. सुकटीच्या बाजारात कोणीतरी आयोडीन सांडलं असावं, असा वास. तो केसांतून जात नाही. दोन पावसाळ्यांच्या मधल्या मोसमांत मी असे ६८ अर्क केले.

जंतांची सोय वेगळी. मोठे जंत आणायला पहाटे चारला कत्तलखान्यात जायचं. कामगार बोकडाचं चौथं पोट माझ्यापुढे टाकायचे, ते कात्रीने उभं चिरलं की आतल्या गुलाबी घड्यांवर लाल-पांढरे गोफ वळवळताना दिसायचे. चिमट्याने एकेक उचलून कोमट मिठाच्या द्रावणात, चहाच्या थर्मासमध्ये. (थर्मास माझाच होता. नंतर तो चहासाठी वापरला नाही, एवढं सांगून ठेवते.) मोठे जंत पोटाबाहेर दोन-तीन दिवसांवर नीट टिकत नाहीत, म्हणून मुख्य चाचणी अळ्यांवर ठेवली होती. लेंड्यांतून अंडी वेगळी काढायची, ९६ खणांच्या प्लेटमध्ये खणागणिक शंभरेक अंडी, थोडे जिवाणू खाद्य म्हणून, आणि त्यात अर्क. सात दिवसांत अंड्यातून निघालेली अळी दोनदा कात टाकून तिसऱ्या अवस्थेला पोचायला हवी. नाही पोचली तर अर्कात काहीतरी आहे.

पहिल्या ४० अर्कांचा निकाल आला तो दिवस मला अजून आठवतो. १९ खणांत शुकशुकाट. शेजारच्या नुसत्या पाण्याच्या खणांत अळ्या आठच्या आकड्यासारख्या वळवळताहेत आणि या १९ खणांत ताणलेल्या दोऱ्यासारख्या सरळ, निपचित. चाळीसातले एकोणीस! मी आईला फोन केला. तात्यांना फोन केला. मैत्रिणींना कॅन्टीनमध्ये वडापाव खाऊ घातला. तक्ता करून, रंगवून, सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी तक्ता बघितला. चष्मा काढला. “निम्मा समुद्र औषधी आहे म्हणतेस?”

“हो सर.”

“मीठ पाजून बघितलंस का?”

मला कळलं नाही. ते म्हणाले, “अर्काची एक कुपी घेऊन ये.” मी आणली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. तपकिरी चिकट्याच्या तळाशी बारीक चमचमणारे कण होते. मी ते रोज बघत होते. मला वाटायचं स्पंजाच्या सुया. सरांनी टोकदार सळईने दोन कण काचपट्टीवर घेतले आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे सरकवला. सगळे चौकोनी. कोपऱ्याला कोपरा, पासरीभर ठोकळे. मीठ. आपलं स्वयंपाकातलं मीठ.

स्पंज म्हणजे समुद्राचं पाणी भरलेली पिशवी. मीठ मेथॅनॉलमध्ये थोडं विरघळतं आणि ते उडून गेलं की चिकट्याबरोबर मागे राहतं. माझ्या काही अर्कांत निम्म्याहून जास्त वजन मिठाचंच होतं. नुकत्या जन्मलेल्या अळ्या स्पंजाच्या विषाने मेल्या नव्हत्या, खारवून मेल्या होत्या. लोणच्यासारख्या. त्या संध्याकाळी मी सहा खणांत साधं समुद्राचं मीठ त्याच मापाने टाकलं. सात दिवसांनी सहाही खणांत शुकशुकाट.

तात्यांना परत फोन केला. ते म्हणाले, “मग मिठानं जंत मरत्यात का? लई सोपं झालं की.” त्यांना समजावताना पाऊण तास गेला की मेंढीच्या पोटात मीठ त्या मापात टिकत नाही, आणि टिकलं तर आधी मेंढी जाईल.

त्यानंतर प्रत्येक अर्क पाणी आणि ब्युटॅनॉल यांच्यात घुसळायचा. मीठ पाण्यात राहतं आणि कामाची द्रव्यं बरीचशी वरच्या ब्युटॅनॉलमध्ये जातात. ब्युटॅनॉलचा वास एकदा नाकात बसला की जेवण जात नाही. ६८च्या ६८ अर्कांना हा सोपस्कार पुन्हा. चार महिने. आणि १९ चे राहिले चार. उरलेल्या २८ अर्कांतून नवीन एकही नाही.

पण ते चार खरे होते. त्यांतला सर्वांत जोरदार निघाला तो पहिल्या पहाटेचा जांभळट स्पंज. सुयांवरून हॅलिक्लोना कुळातला. अगदी थोड्या मात्रेत अळ्या बंद, आणि थर्मासमधले मोठे जंतही तासाभरात निपचित. मी हरखले, पण या वेळी कोणाला फोन केला नाही. आधी सरांनी सांगितलेली पुढची चाचणी लावली. बोकडाचं रक्त आणायचं, लाल पेशी धुऊन घ्यायच्या, नळीत अर्क घालून कोमट ठेवायच्या आणि फिरवून बघायच्या. पेशी शाबूत असतील तर तळाशी लाल ठिपका आणि वर स्वच्छ पाणी.

माझ्या नळीत ठिपका नव्हता. नळी वरपासून खालपर्यंत एकसारखी, पारदर्शक, कोकम सरबतासारखी लाल. एकूण एक पेशी फुटलेली. जंत पीत होता त्याच्या कितीतरी पट रक्त माझ्या औषधाने अर्ध्या तासात नासवलं होतं.

रसायनशास्त्राच्या मैत्रिणीने वस्तुमान आणि चुंबकीय आलेख काढून दिले आणि दोघींनी मिळून जुने अंक चाळले. हॅलिक्लोना स्पंजांतलं हॅलिटॉक्सिन १९७०च्या दशकापासून माहीत आहे. लांब साखळ्यांचं, साबणासारखं पेशीचं आवरण फोडणारं विष, मासेही मरतात त्याने. आमचं द्रव्य त्याच घराण्यातलं दिसत होतं. म्हणजे नवीनही नाही आणि कामाचंही नाही. महाडच्या काकांचं वाक्य तेव्हा आठवलं. आयव्हरमेक्टिन चाललं ते केवळ जंत मारतं म्हणून नाही. जंताच्या नसांत ग्लुटामेटवर उघडणारी क्लोराईडची जी दारं असतात ती मेंढीत नाहीतच, औषध तिथे जाऊन बसतं. असं एखादं दार सापडेपर्यंत समुद्रातून आपण नुसतं विष गोळा करत असतो, आणि विषाला समुद्रात तोटा नाही.

चारांपैकी तिघांनी पेशी फोडल्या. चौथा राहिला. बंदरावरच्या टोपलीतला, राखाडी, खपलीसारखा, बघून कोणी उचलणार नाही असा. त्याने अळ्या वाढू दिल्या नाहीत आणि बोकडाच्या रक्ताला काही केलं नाही. तळाशी लाल ठिपका, वर स्वच्छ पाणी. त्या नळीचा फोटो मी बरेच दिवस फोनच्या पडद्यावर ठेवला होता.

अडचण एकच. माझ्याकडे तो स्पंज मुळात ४० ग्रॅम होता. त्यातून अर्क निघाला काही मिलिग्रॅम आणि तो चाचण्यांत संपला. मग दोन हंगाम मी बंदरावर राखाडी खपल्या शोधत फिरले. ट्रॉलरवाल्यांना फोटो देऊन ठेवला. तीनदा तसाच स्पंज मिळाला असं वाटलं. दोनदा सुया वेगळ्या निघाल्या. तिसऱ्यांदा सुया अगदी जुळल्या, नमुना दीड किलो, मी रात्रभर जागून अर्क काढला. अळ्या सात दिवसांत मजेत मोठ्या झाल्या. काहीही परिणाम नाही.

त्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत गेले नाही. हॉस्टेलवर झोपून काढला.

मग सर म्हणाले, “तिसरी डबी कुठे आहे?”

स्पंज एकटा नसतो. त्याच्या अंगात असंख्य जिवाणू राहतात, आणि स्पंजाचं म्हणून जे विष आपण काढतो ते कित्येकदा या भाडेकरूंनी बनवलेलं असतं. त्याच जातीच्या दुसऱ्या स्पंजात तो भाडेकरू नसेल तर विषही नाही. ग्लिसरॉलमधला तो अंगठ्याएवढा तुकडा तीन वर्षं गोठून पडला होता. तो वाटला, भराभर वाढणारे जिवाणू मरावेत म्हणून थोडा वेळ ५५ अंशांवर ठेवला आणि समुद्राच्या पाण्यात बनवलेल्या अगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, पसरला. दोन आठवडे काही नाही. तिसऱ्या आठवड्यात खडूच्या भुकटीसारखे पांढरे, कोरडे ठिपके आले. प्लेटचं झाकण उचललं आणि मी तिथेच थांबले. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर येतो तो मातीचा वास. मार्च महिन्यात, वातानुकूलित खोलीत, समुद्राच्या तळातून आलेल्या स्पंजाच्या तुकड्याला.

तो वास जिओस्मिनचा, आणि तो बनवणारे बहुतेक स्ट्रेप्टोमायसिस कुळातले. आयव्हरमेक्टिनचा मूळ जिवाणूही याच कुळातला. सातोशी ओमुरांना तो जपानमध्ये इतो गावाजवळ कवानाच्या गोल्फ मैदानालगतच्या मातीत मिळाला होता, ज्यासाठी २०१५ साली त्यांना आणि विल्यम कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं. माझ्या हातात नोबेल नव्हतं. हातात होत्या सात वसाहती. त्यांतली एक ज्या पातळ खाद्यात वाढवली त्या रश्शाने अळ्यांची वाढ थांबवली, मूळ अर्काएवढी नाही, पण थांबवली. मीठ? नाही, या वेळी पहिल्याच दिवशी मिठाचे सहा खण शेजारी लावले होते. रक्त? ठिपका तळाशी.

“आणि ते आयव्हरमेक्टिनच निघालं तर?” मी विचारलं.

“तर चार वर्षांनी तू गोल्फच्या मैदानावर पोचलीस म्हणायचं,” सर म्हणाले.

ते आयव्हरमेक्टिन नाही एवढं वस्तुमानावरून ठरलं. नक्की काय आहे ते ठरायच्या आत माझी मुदत संपली, शिष्यवृत्ती संपली, प्रबंध बांधून झाला. जिवाणू आता उणे ८० अंशांवर आहे आणि माझ्या मागून आलेली मुलगी त्याला वाढवतेय. परवा तिचा मेसेज आला होता: “ताई, रश्श्याला या वेळी वासच येत नाही.” असं होतं. हे जिवाणू नुसत्या खाण्यावर वाढवत राहिले की कधी कधी विष बनवायचं सोडून देतात. बसून खायला मिळाल्यावर कोण कष्ट करेल. तिला म्हटलं, मूळ कुपीतून परत सुरू कर, आणि आधी मीठ तपास.

गेल्या पावसाळ्यात रजा काढून तात्यांकडे गेले होते. बरोबर एक प्लॅस्टिकचं कार्ड नेलं होतं. मेंढीच्या खालच्या पापणीचा आतला रंग बघून रक्त किती कमी झालंय ते ओळखायचे त्यावर पाच रंग असतात. ही पद्धत दक्षिण आफ्रिकेतली. पापणी लालबुंद असेल तर औषध द्यायचं नाही, फिकट असेल त्यांनाच द्यायचं. सगळ्या कळपाला सरसकट पाजलं की औषध पचवणारे तेवढे जंत उरतात, आणि पुढची सगळी पिलावळ त्यांचीच होते. काही मेंढ्यांत औषध न लागलेले, साधे जंत राहू दिले की औषध पचवणारे जोर धरत नाहीत. हे तात्यांना पटायला दोन वर्षं लागली. जंत मुद्दाम ठेवायचे म्हणजे काय!

त्यांनी कार्ड कोपरीच्या खिशात टाकलं होतं, पण बघत नव्हते. त्यांनी स्वतःची भाषा बसवली होती. मेंढीचं डोकं मांडीत धरून, अंगठ्याने पापणी खाली ओढून ते ओरडायचे आणि काकू खडूने पाठीवर खूण करायच्या किंवा सोडून द्यायच्या.

“डाळिंब. सोड.”

“डाळिंब.”

“कच्चं डाळिंब. तायडे, ह्याला काय करायचं?”

“या खेपेला राहू द्या. पंधरा दिवसांनी परत बघा.”

“पांढरं फटक. खूण कर गं हिला.” मग मान वर न करताच विचारलं, “त्या तुझ्या समुद्राच्या आवषदाचं काय झालं?”

“वेळ लागेल तात्या.”

“किती?”

मी सांगितलं. त्यांनी पुढच्या मेंढीचा कान धरून तिला ओढलं.

“डाळिंब,” ते म्हणाले. “सोड.”